पांढऱ्या पावडरीला पिवळं करायचं कशासाठी?

चार-पाच उन्हाळे-पावसाळे काढलेल्या बाहेरच्या रंगीत भिंतीवरून किंवा गेटवरून हात फिरवून बघा. तळव्याला बारीक पावडर लागते. आपण म्हणतो रंग हलका होता, रंगाऱ्याने पाणी जास्त घातलं. कधी कधी ते खरंही असतं. पण रंग उन्हात असा सुटतो त्यात त्या रंगातल्याच एका घटकाचा हात असू शकतो. तो घटक म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. रंगाला पांढरेपणा आणि खालचं झाकण्याची ताकद देणारी ही पावडर ऊन पडलं की आपल्याभोवतीचा चिकट पदार्थ, ज्याने रंग भिंतीला धरून ठेवलेला असतो, तोच हळूहळू जाळते. बांधणारा पदार्थ गेला की पावडर मोकळी होते आणि हाताला लागते.

रंगाच्या कारखान्यांना ही डोकेदुखी फार जुनी. त्यांनी दोन उपाय केले. या पावडरीचे अ‍ॅनाटेज आणि रूटाइल असे दोन मुख्य स्फटिकप्रकार आहेत. त्यांतलं जास्त खोडकर अ‍ॅनाटेज बाहेरच्या रंगांतून काढून रूटाइल घेतलं, आणि वर प्रत्येक कणाला सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचं पातळ आवरण चढवलं. सनस्क्रीनमध्येही हीच पावडर असते आणि तिथेही आवरण चढवलेली असते, नाहीतर ती त्वचेवरच उद्योग सुरू करेल.

म्हणजे एकीकडे जगभरचे रंगवाले हा गुण दाबायला बघतात आणि दुसरीकडे रसायनशास्त्रज्ञ तोच गुण वाढवायला धडपडतात. नायट्रोजन मिसळलेलं टायटॅनियम डायऑक्साइड हे या दुसऱ्या धडपडीतलं गाजलेलं प्रकरण. ते नीट समजायचं तर आधी साधी पांढरी पावडर उन्हात काय करते ते बघावं लागेल.

टायटॅनियम डायऑक्साइड अर्धवाहक आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉनांना राहायला दोन जागा आहेत. खाली एक भरलेला पट्टा, वर एक रिकामा पट्टा, आणि मधे अशी पोकळी जिथे इलेक्ट्रॉनला थांबताच येत नाही. जुन्या घरातली खोली डोळ्यापुढे आणा. खाली फरशी, वर माळा, आणि चढायला शिडी नाही. फरशीवरच्या माणसाला एकाच उडीत माळा गाठावा लागतो. अर्धी उडी मारून हवेत थांबता येत नाही आणि दोन अर्ध्या उड्यांची बेरीजही होत नाही. इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या मापात अ‍ॅनाटेजमध्ये ही उंची सुमारे 3.2 आहे, रूटाइलमध्ये 3.0.

उडीला लागणारी ताकद प्रकाशकणाकडून, म्हणजे फोटॉनकडून येते. फोटॉनची ऊर्जा काढायला एक सोपं सूत्र आहे: 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं. 3.2 ऊर्जा हवी तर तरंगलांबी सुमारे 387 नॅनोमीटर किंवा त्याहून कमी पाहिजे. आपल्या डोळ्यांना साधारण 400 च्या पुढचं दिसतं. म्हणजे अ‍ॅनाटेजला चालतो तो फक्त अतिनील प्रकाश. निळा, हिरवा, पिवळा, लाल असा सगळा दिसणारा उजेड त्याच्या दृष्टीने वाया. पावडर पांढरी दिसते तीही त्यामुळेच. दिसणारा कुठलाच रंग ती ठेवून घेत नाही, सगळा परत पाठवते.

अतिनील फोटॉन आला, इलेक्ट्रॉन माळ्यावर गेला. आता दोघे कामाला लागतात. वर गेलेला इलेक्ट्रॉन कणाच्या पृष्ठभागावर येऊन हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि त्यातून सुपरऑक्साइड नावाचं आक्रमक रूप तयार होतं. खाली फरशीवर जी रिकामी जागा राहिली तिला होल म्हणतात. हे होल इलेक्ट्रॉनसाठी इतकं हपापलेलं असतं की पाण्याच्या रेणूतून किंवा पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटातून तो ओढून घेतं आणि मागे हायड्रॉक्सिल रॅडिकल उरतो. ऑक्सिडीकरणाच्या ताकदीत हा ओझोन आणि क्लोरीन दोघांच्या वरचा. तेलाचा थर, जिवाणूची भिंत, रंगाचा रेणू, काहीही सेंद्रिय सापडलं की तोडायला सुरुवात, आणि काम पुरं झालं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. पावडर स्वतः मात्र खर्च होत नाही, म्हणून ती उत्प्रेरक.

हे ऐकायला जितकं जोरदार वाटतं तितकं प्रत्यक्षात नसतं, कारण माळ्यावर गेलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काही काम न करता परत खाली होलमध्ये पडतात. नॅनोसेकंदांचा मामला. फोटॉनची ऊर्जा मग नुसती उष्णता होऊन जाते. पुढे जे काही सांगणार आहे त्यात ही गळती सतत लक्षात ठेवा. प्रकाश शोषणं वेगळं आणि शोषलेल्या प्रकाशातून काम करून घेणं वेगळं. हे दोन सरसकट एक मानले गेले म्हणूनच या विषयात बराच गोंधळ झाला.

या पावडरीला प्रसिद्धी मिळाली ती 1972 साली. टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या हाताखाली अकिरा फुजिशिमा या तरुणाने रूटाइलचा एकसंध स्फटिक पाण्यात ठेवला, तारेने प्लॅटिनमला जोडला आणि त्यावर प्रकाश टाकला. रूटाइलवर ऑक्सिजन आणि प्लॅटिनमवर हायड्रोजन निघू लागला. 'नेचर'मध्ये निबंध आला आणि पुढच्याच वर्षी तेलाचा जागतिक पेच उभा राहिला. उन्हावर पाणी फोडून इंधन! अशा वेळी जग त्याच्याकडे बघणार नाही तर काय. पण सूर्याच्या उजेडात अतिनील भाग ऊर्जेच्या हिशेबाने जेमतेम शेकडा 4 ते 5. उरलेल्या 95 कडे जी वस्तू ढुंकूनही बघत नाही तिच्यावर इंधनाचा कारखाना चालत नाही.

मग लोकांनी मागणी कमी केली, आणि हे मला फार शहाणपणाचं वाटतं. इंधन बनवायला फोटॉनांचा पूर लागतो, पण काचेवर दिवसभरात बसलेला अगदी पातळ तेलकट थर जाळायला थोडेच पुरतात. 1990 च्या दशकात जपानमध्ये या पावडरीचा लेप दिलेल्या टाइल्स आल्या, बोगद्यांतल्या दिव्यांच्या काचांना लेप दिले गेले. 1997 मध्ये आणखी एक गुण कळला. अतिनील प्रकाश पडलेल्या या लेपावर पाण्याचे थेंब बनतच नाहीत, पाणी पसरून सपाट थर होतो आणि मळ घेऊन उतरतो. 2001 मध्ये पिल्किंग्टन कंपनीने स्वतः स्वच्छ होणारी खिडकीची काच बाजारात आणली. रोममध्ये 2003 साली पुरं झालेलं रिचर्ड मायर यांचं ज्युबिली चर्च बांधताना पांढऱ्या काँक्रीटमध्येच ही पावडर घातली होती. सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती: उघड्यावरचं ऊन किंवा अतिनील प्रकाश देणारा दिवा.

घरात आलं की गणित बिघडतं. खिडकीची काच अतिनीलचा काही भाग अडवते. पूर्वीच्या ट्यूबलाइटमधून थोडा तरी अतिनील निसटायचा. आताच्या एलईडी ट्यूबमधून जवळपास काहीच येत नाही. तिच्यात मूळ प्रकाश असतो सुमारे 450 नॅनोमीटरचा निळा, म्हणजे 2.76 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. माळा 3.2 वर आणि उडी 2.76 ची. अगदी हातभर कमी पडतं. आणि हे थोडक्यात हुकणंच फार मोहात पाडणारं आहे, कारण 400 ते 500 नॅनोमीटर या पट्ट्यात सूर्यप्रकाशाची जी ऊर्जा असते ती सगळ्या अतिनील भागाच्या जवळपास तिप्पट भरते. पावडर तीच ठेवून तिला फक्त निळा प्रकाश घ्यायला शिकवता आलं तर?

पहिला ठळक पुरावा 1986 चा. जपानचे शिनरी सातो टायटॅनियम हायड्रॉक्साइड भाजून पावडर बनवत होते. अमोनियम क्लोराइडसारखा नायट्रोजनवाला क्षार बरोबर असला की भाजल्यावर येणारी पावडर दृश्य प्रकाशात काम करते असं त्यांना दिसलं. भेसळीतला नायट्रोजन स्फटिकात घुसला होता. निबंध छापून आला आणि पंधरा वर्षं फारसं कुणी वळून बघितलं नाही.

2001 मध्ये मात्र धमाका झाला. टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेतल्या रियोजी असाही आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये निबंध दिला. त्यांची पद्धत मला आवडते, कारण त्यांनी आधी कागदावर विचार केला. अ‍ॅनाटेजच्या स्फटिकात ऑक्सिजनच्या जागी कार्बन, नायट्रोजन, फ्लोरीन, फॉस्फरस, गंधक यांतलं एकेक बसवलं तर इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांचं काय होईल, हे त्यांनी संगणकावर काढलं. कार्बन आणि फॉस्फरसच्या पातळ्या मधल्या पोकळीत फार खोल पडतात, तिथे अडकलेला भार पृष्ठभागापर्यंत येणं कठीण. गंधक कामाचा दिसत होता, पण त्याचा आयन ऑक्सिजनच्या मानाने इतका मोठा की स्फटिकात बसवणं अवघड. उरला नायट्रोजन. आवर्तसारणीत ऑक्सिजनचा सख्खा शेजारी, आकाराने जवळचा, आणि त्याचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांपेक्षा थोड्या वरच्या पातळीवर राहणारे.

इथेच सगळी युक्ती आहे. खालचा पट्टा, आपली फरशी, मुख्यतः ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांची बनलेली असते, माळा टायटॅनियमचा. माळ्याला हात न लावता फरशीवर थोडी उंची मिळवली तर उडी कमी होते. असाहींच्या गटाने अ‍ॅनाटेजची पावडर अमोनिया आणि अरगॉनच्या मिश्रणात 600 अंशांवर तापवली. बाहेर निघाली ती पिवळसर पावडर. ती 500 नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश शोषत होती. पिवळी दिसण्याचं कारण उघड आहे: निळा भाग ती ठेवून घेऊ लागली होती, परत येणाऱ्या प्रकाशात निळा कमी पडला की डोळ्याला पिवळं दिसतं. 436 नॅनोमीटरच्या निळ्या दिव्याखाली या पावडरीने अ‍ॅसिटाल्डिहाइडचा वायू मोडून दाखवला. साधी पांढरी पावडर त्याच दिव्याखाली जवळपास स्वस्थ बसून होती.

यानंतर पूर आला. अमोनियाची भट्टी सगळ्यांकडे नसते, पण युरिया कुठेही मिळतो. टायटॅनियमचं संयुग आणि युरिया खलात एकत्र घोटायचे, झाकण लावलेल्या मुशीत घालून मफल फर्नेसमध्ये, म्हणजे बंद भट्टीत, चार-पाचशे अंशांवर काही तास ठेवायचे. युरिया फुटून अमोनिया देतो आणि संध्याकाळी मुशीत पिवळी पावडर. आपल्याकडच्या कॉलेजांतूनही अशी पावडर भरपूर बनली. ही पद्धत स्वस्त आहे, सुटसुटीत आहे आणि एका बाबतीत फसवी आहे. त्याकडे येतोच.

आधी भांडण बघू. नायट्रोजनने नेमकं काय केलं? असाहींचं म्हणणं, नायट्रोजनच्या पातळ्या ऑक्सिजनच्या पातळ्यांत मिसळतात आणि खालचा पट्टाच वर सरकतो, म्हणजे सगळी फरशी उचलली जाते. हिरोशी इरिए, वातानाबे आणि हाशिमोतो यांनी 2003 मध्ये हिशेब मांडून दाखवलं की तसं दिसत नाही. फरशीच उचलली गेली असती, तर एकदा शोषलेला फोटॉन निळा काय आणि अतिनील काय, त्यातून सारखंच काम व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे होणारं काम दृश्य प्रकाशात अतिनीलपेक्षा बरंच कमी भरलं. म्हणजे फरशी होती तिथेच आहे आणि तिच्यावर इकडे-तिकडे काही पाट मांडलेले आहेत. पाटावर उभा असलेला इलेक्ट्रॉन कमी उडीत वर जातो. बाकीचे खालीच.

पुढे इटलीतल्या क्रिस्तियाना दि वालेंतिन आणि जानफ्रांको पाकियोनी यांच्या गटाने गणितं आणि मोजमापं करून यात आणखी बारकावा आणला. नायट्रोजन ऑक्सिजनची जागा घेऊन बसला तर त्याची पातळी फरशीपासून जेमतेम 0.14 इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर. हा खरा पाट. पण तो जागा न घेता ऑक्सिजनांच्या मधल्या फटीत घुसला तर पातळी 0.73 वर, म्हणजे पाट नव्हे, स्टूलच म्हणायला हवं. दोन्ही प्रकारच्या नमुन्यांचा क्ष-किरण वापरून काढलेल्या वर्णपटात वेगळा ठसा उमटतो, एक 396 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आणि दुसरा 400 च्या आसपास. कुठला ठसा नेमका कुणाचा आणि त्यांतला कामाचा कुठला, यावर लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातला. 2006 मध्ये निक सर्पोन यांनी तर मुळावरच बोट ठेवलं: पिवळेपणा नायट्रोजनचा कशावरून? कदाचित तो स्फटिकातून ऑक्सिजन निघून गेल्यामुळे राहिलेल्या रिकाम्या जागांचा असेल.

हा प्रश्न हवेतला नव्हता. ऑक्सिजनचा आयन दोन ऋणभारांचा, नायट्रोजनचा तीन. भाराचा ताळेबंद जुळायचा तर प्रत्येक दोन नायट्रोजनमागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहावी लागते. म्हणजे नायट्रोजन घालणं आणि स्फटिकात खड्डे पाडणं या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. खड्डा रंग देतो हे खरं, पण इलेक्ट्रॉन आणि होल यांची गाठ पडून दोघेही निकामी होण्याची आवडती जागाही तोच. म्हणूनच नायट्रोजन वाढवत नेला तर पावडर जास्त गडद होते आणि जास्त आळशी होते. इरिए यांच्या मोजमापांत हे स्पष्ट दिसतं. चांगल्या पावडरींत नायट्रोजनचं प्रमाण म्हणूनच जेमतेम असतं.

दुसरा तोटा होलचा. पाटावरून इलेक्ट्रॉन उडाला की होल पाटावरच राहतं. फरशीवरचं होल मोकळं फिरतं, पृष्ठभागापर्यंत पोचतं. पाटांची संख्या कमी आणि ते एकमेकांपासून लांब, त्यामुळे एका पाटावरचं होल शेजारच्या पाटावर जाऊ शकत नाही. शिवाय ते वरच्या पातळीवर असल्यामुळे त्याची इलेक्ट्रॉन ओढण्याची भूकही कमी. अतिनील प्रकाशात जे पदार्थ सहज ऑक्सिडाइज होतात त्यांतले काही निळ्या प्रकाशात दाद देत नाहीत ते यामुळे. मग ही पावडर निळ्या उजेडात काम करते कशी? माळ्यावर पोचलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर, बऱ्याच अंशी. माळ्याची उंची बदललेली नाही, त्यामुळे वर गेलेला इलेक्ट्रॉन पूर्वीइतकाच समर्थ आहे. तो ऑक्सिजनला चिकटतो, सुपरऑक्साइड होतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि साफसफाईचं काम त्या वाटेने चालतं. चालतं, पण संथ.

आता युरियाकडे. 2008 मध्ये जर्मनीत मितोराज आणि किश यांनी युरियापासून बनलेल्या पिवळ्या पावडरी खोलात तपासल्या. युरिया तापवला की तो नुसता अमोनिया सोडत नाही. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मेलामाइनच्या घराण्यातली मोठी, पिवळी, पाण्यात न विरघळणारी संयुगं तयार होतात. ती टायटॅनियमच्या कणांवर बसतात आणि ती स्वतःच दृश्य प्रकाश शोषतात. म्हणजे मुशीतून निघालेली पावडर पिवळी आहे, तपासणीत नायट्रोजन सापडतो आहे, उजेडात काम करते आहे, सगळं खरं. पण नायट्रोजन स्फटिकाच्या आत गेलेलाच नसेल, नुसता अंगावर बसला असेल. काम होतंय ना, मग फरक काय पडतो, असं म्हणणारे भेटतात. फरक असा की सुधारणा करायची तर कशात करायची हेच मग कळत नाही. स्फटिक नीट करायचा की अंगावरचा थर?

याहून मोठा घोळ मिथिलीन ब्लूने घातला. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवायला वापरतात तोच गडद निळा रंग. प्रयोग अगदी सोपा आणि देखणा. निळ्या पाण्यात पावडर घालायची, अर्धा तास अंधारात ढवळायचं, मग दिवा लावायचा. दर दहा मिनिटांनी थोडं पाणी काढून पावडर खाली बसवायची आणि रंग मोजायचा. निळा फिका होत जातो, आलेख खाली उतरत जातो, फोटोही सुंदर येतात. इचलकरंजीपासून तिरुपूरपर्यंत कापड रंगवणाऱ्या गावांचं सांडपाणी डोळ्यापुढे असताना या प्रयोगाला सामाजिक अर्थही आपोआप चिकटतो. साहजिकच दृश्य प्रकाशातल्या पावडरींच्या निबंधांत हा प्रयोग पदोपदी दिसतो.

पण निळा रंग जाण्याची निदान चार कारणं असू शकतात आणि त्यांतलं आपल्या कामाचं एकच आहे. पहिलं, रंग पावडरीला चिकटून खाली बसला. तुटला काहीच नाही. अंधारात ढवळायचं ते यासाठीच, पण तेवढ्याने शंका पुरती फिटत नाही. दुसरं, पावडरीतला इलेक्ट्रॉन रंगाच्या रेणूला मिळाला आणि रेणू तात्पुरता बिनरंगी झाला. मिथिलीन ब्लूची ही खोड प्रसिद्ध आहे. बाटली हलवून हवा लागू दिली की निळा रंग परत हजर! तिसरं कारण सगळ्यांत लबाड. मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश जोरात शोषतो, 664 नॅनोमीटरला त्याचं शिखर आहे. प्रकाश रंगाने शोषला, रंगाने आपला इलेक्ट्रॉन शेजारच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या माळ्यावर टाकला आणि इलेक्ट्रॉन गमावलेला तो रेणू स्वतःच मोडला. यात पावडरीने प्रकाश शोषायची गरजच नव्हती. साधी, पांढरी, नायट्रोजन नसलेली पावडरही हे करते. चौथं कारण तेवढं खरं: पावडरीने प्रकाश घेतला आणि रंग मोडला.

2006 मध्ये जपानमध्ये बुन्शो ओहतानी यांच्या सहकाऱ्यांनी निबंधाच्या नावातच प्रश्न विचारला की मिथिलीन ब्लू हा अशा चाचणीला योग्य पदार्थ आहे का. उत्तर, दृश्य प्रकाशासाठी तरी, नाही. त्यांनी सुचवलेली कसोटी कडक पण साधी आहे. एकेका तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळा टाकायचा आणि प्रत्येकात काम किती झालं ते मोजायचं. कामाचा आलेख पावडरीच्या शोषणाच्या आलेखाबरोबर चालला तर काम पावडरीचं. तो रंगाच्या शोषणाबरोबर चालला आणि 664 पाशी उंचावला तर काम रंगाचं. चाचणीला मुळात बिनरंगी पदार्थ घ्यावा, म्हणजे तिसरं कारण बादच होतं. असाहींनी मिथिलीन ब्लू वापरला होता, पण अ‍ॅसिटाल्डिहाइडही घेतला होता आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजला होता. त्यांचा दावा टिकला तो या दुसऱ्या प्रयोगावर. मागून आलेल्या पुष्कळांनी पहिलाच प्रयोग उचलला, कारण तो स्वस्त होता.

एखाद्या निबंधात किंवा मालाच्या माहितीपत्रकात 'दृश्य प्रकाशात अमुक टक्के' असं दिसलं तर मी आधी तीन गोष्टी बघतो. दिव्यापुढे अतिनील गाळणारी काच होती का, नसेल तर थोडा निसटलेला अतिनीलही सगळं श्रेय घेऊन जातो. मोडलेला पदार्थ रंगीत होता की बिनरंगी. आणि शेवटी काय मोजलं, नुसतं नाहीसं होणं की कार्बन डायऑक्साइड. तिसरी गोष्ट घरातल्या वापराला फार महत्त्वाची, कारण काम अर्धवट राहिलं तर हवेतल्या अल्कोहोलसारख्या बाष्पांपासून फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड उरतात, म्हणजे मूळ वासापेक्षा वाईट काहीतरी. संथ उत्प्रेरकाला हा धोका जास्त.

उघड्यावरसुद्धा, साध्या पावडरीच्या बाबतीतही, अपेक्षा आवरायला हव्यात. ब्रिटनच्या सरकारी हवा-गुणवत्ता तज्ज्ञगटाने 2016 मध्ये अशा रंगांनी आणि पृष्ठभागांनी शहरातल्या हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात का याचा आढावा घेतला. मोठ्या प्रमाणावर उपयोग होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. रस्त्यावरची बरीचशी हवा भिंतीला न शिवताच निघून जाते. रसायन कितीही चांगलं असो, रेणू पृष्ठभागापर्यंत आलाच नाही तर ते काय करणार.

टायटॅनियम डायऑक्साइडचं आकर्षण तरी कमी होत नाही, कारण ते स्वस्त आहे, विषारी नाही, पाण्यात-उन्हात वर्षानुवर्षं टिकतं. त्याचं खनिज, इल्मेनाइट, केरळच्या चवऱ्याच्या वाळूत आहे तसं आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. म्हणून नायट्रोजनचा प्रयोग पुरता सोडलेला नाही. घरातल्या भिंतींचे लेप, निळ्या एलईडीखाली चालणारे हवेचे फिल्टर, असं जिथे काम थोडं आणि वेळ भरपूर तिथे त्याला जागा आहे.

इंधनाचं जुनं स्वप्न मात्र दुसऱ्या वाटेने गेलं. टोकियोचे काझुनारी दोमेन यांच्या गटाने 2020 मध्ये अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर 350 ते 360 नॅनोमीटरच्या प्रकाशात 100 फोटॉनांमागे सुमारे 96 कामाला लावून दाखवले. गळती जवळजवळ बंद! पुढच्याच वर्षी त्याच जातीच्या पदार्थाचं 100 चौरस मीटरचं पॅनेल उन्हात चालवलं, तेव्हा सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरली ती फार तर शेकडा 0.76. दोष पावडरीचा नव्हे. प्रकाश अतिनील, आणि अतिनील सूर्यात आहेच मुळी तेवढा.

त्यामुळे दृश्य प्रकाशासाठी याच गटाने नायट्रोजनलाच वेगळ्या रीतीने हाताशी धरलं. शेकड्यात एखादा अणू मिसळण्याऐवजी त्याला स्फटिकाचा हक्काचा घटक केलं. टँटलमचा ऑक्साइड अमोनियात साडेआठशेच्या आसपास अंशांवर तापवला की आधी टँटलम ऑक्सिनायट्राइड होतं, पिवळं, 2.5 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या उडीचं, आणखी तापवलं की टँटलम नायट्राइड, लाल, 2.1 चं. इथे नायट्रोजन दर घरात आहे, त्यामुळे पाट मांडायची वेळ येत नाही, फरशीच खरोखर वर येते, आणि होल तिच्यावर मोकळं फिरू शकतं. असाहींनी जे टायटॅनियमसाठी मांडलं होतं ते टँटलममध्ये सरळ घडतं. त्याची किंमतही मोजावी लागते. टँटलम दुर्मीळ आणि महाग, मोबाइलमधल्या कपॅसिटरसाठी त्याला आधीच गिऱ्हाईक आहे. शिवाय नायट्राइडमधलं होल पाण्याऐवजी स्वतःच्याच नायट्रोजनवर तुटून पडतं. उजेडात ठेवलेल्या पावडरीतून नायट्रोजनचे बुडबुडे निघतात आणि स्फटिक आतून बिघडत जातो. त्यावर पृष्ठभागावर कोबाल्टसारख्या धातूंचे ऑक्साइड बसवून होल झटपट बाहेर काढून घेण्याचे प्रयोग चालू आहेत, आणि टँटलमऐवजी लँथॅनम आणि टायटॅनियम यांचं ऑक्सिनायट्राइड वापरायचेही. हे दुसरं संयुग तांबूस-तपकिरी दिसतं आणि 600 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेतं.